नागपुरात घरच्या गरम पाण्यासाठी हीट पंप: परवडतो का?

मनीषनगरकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

घर स्वतःचं, दुमजली. माणसं सात, न्हाणीघरं तीन. प्रत्येकात १५ लिटरचा गीझर, तिन्ही जुने झालेत. त्याऐवजी गच्चीवर २०० लिटरचा एकच हीट पंप बसवायचा विचार आहे. दोन कोटेशनं आली आहेत. एकात टाकी आणि यंत्र एकाच खोक्यात, दुसऱ्यात एसीसारखं बाहेरचं युनिट वेगळं आणि टाकी वेगळी. दोन्ही नळकामासकट सव्वा लाखाच्या आसपास.

चौघं शॉवर घेतात, तिघं बादलीवाले. हिवाळ्यात घराचा एकूण वापर महिन्याला ४६५ युनिटच्या आसपास, मे महिन्यात ८५०. पाणी नळाचं अधिक बोअरचं, दोन्ही एकाच टाकीत. विकणारे म्हणतात "वीज ७५ टक्के वाचते, तीन वर्षांत पैसे वसूल". खरं किती?

तर्रीपोहे · सकाळी ८.३२

काहून भाऊ, नागपुरात पाणी गरम करायला पैसे देऊन राहिले? एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं येते का चहापत्ती टाकली का चहा तयार. हीट पंप उलटा बसवता येते का ते विचारा पहिले.

शीतचक्र · सकाळी ९.४५

तर्रीभाऊंनी चेष्टेत मुद्द्याचंच सांगितलं. त्यावर येतोच, आधी यंत्र समजून घेऊ.

गीझर विजेची उष्णता करतो. एक युनिट घालता, एक युनिट उष्णता मिळते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात टाकतो. वीज लागते ती फक्त उचलण्याची हमाली म्हणून. फ्रिजच्या मागची जाळी गरम होते ना, ती जाळी टाकीभोवती गुंडाळली असं समजा. एका युनिटात किती युनिट उष्णता पाण्यात गेली, त्या आकड्याला सीओपी म्हणतात.

हिशेबाला एकच आकडा लक्षात ठेवा, ८६०. लिटर गुणिले किती अंश वाढवायचं, भागिले ८६०, की लागणारी उष्णता युनिटमध्ये मिळते.

तुमच्याकडे चौघं शॉवरवाले ६० लिटरप्रमाणे २४०, तिघं बादलीवाले २५ लिटरप्रमाणे ७५. एकूण ३१५ लिटर, अंगावर घेताना ४० अंशांचं. टाकीतलं पाणी १८ अंश धरू. ३१५ × २२ ÷ ८६० म्हणजे ८ युनिट रोजची. तीन गीझरांच्या टाक्यांतून वाया जाणारी उष्णता धरून साडेनऊ.

हीट पंपाला तीच ८ युनिट, २०० लिटरच्या टाकीची चोवीस तासांची गळती दीड, गच्चीपासून खाली येणाऱ्या पाइपांची अर्धी. झाली १०. सीओपी ३ धरला तर वीज ३.३ युनिट. रोजची बचत सहा युनिट, म्हणजे ६५ टक्के. ७५ टक्क्यांना ही गळती धरून सीओपी ४ च्याही थोडा वर लागतो.

कोथरूडकर · सकाळी १०.०२

सहा युनिट × ३६५ = २,१९० युनिट. चांगलीच बचत आहे की!

तर्रीपोहे · सकाळी १०.०५

आला पुणेकर. ३६५ दिवस आंघोळीला गरम पाणी तुमच्याकडे. इकडं मे महिन्यात रात्रीच बादल्या भरून ठेवतात, सकाळपर्यंत जरा थंड व्हाव्या म्हणून.

शीतचक्र · सकाळी १०.४०

कोथरूडकर, नागपूरचा हिशेब तिथेच फिरतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत १०५ दिवस पुरी गरज. पावसाळा, ऑक्टोबर आणि मार्चची सुरुवात मिळून ९० दिवस अर्धी गरज धरा, ते झाले ४५. एकूण १५० पूर्ण दिवस. सहा युनिटांनी वर्षाला ९०० युनिट. युनिटचे १० रुपये धरले तर ९,००० रुपये, १२ धरले तर १०,८००. सव्वा लाखाला १०,००० ने भागा, साडेबारा वर्षं. नीट निगा राखली तर यंत्राचं आयुष्यही १०-१२ वर्षंच असतं.

"तीन वर्षांत वसूल" हे वाक्य बारमाही गरम पाणी लागणाऱ्या हॉटेलासाठी लिहिलेलं असतं, आणि घरच्या माहितीपत्रकात तसंच चिकटवलेलं असतं.

वीजबिल वाचक · दुपारी १२.१५

युनिटचा दर सरसकट १२ धरू नका. घरगुती बिलाचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वाचणारे युनिट नेहमी वरच्या टोकाचे असतात. त्यामुळे गीझर चालतो त्या महिन्यात तुमचं टोक कुठे असतं ते पाहायचं.

हिवाळ्यात वापर ४६५. हीट पंपाने रोज सहा वाचले की महिन्याला १८०, वापर २८५ वर येतो. म्हणजे वाचलेल्यांपैकी १६५ युनिट तिसऱ्या टप्प्यातले आणि १५ दुसऱ्या. वाहतुकीचा आकार आणि वीजशुल्क धरून त्या टप्प्यांचा दर बिलावरून काढा. ५०० च्या वरचा महाग दर तुम्हाला मे महिन्यात लागतो, एसीमुळे. तेव्हा गीझरचं बटण बंद असतं. सगळे मे महिन्याचं बिल पाहून घाबरतात आणि जानेवारीच्या गीझरवर राग काढतात.

स्थिर आकार तर हीट पंप बसवून एक पैशानेही कमी होत नाही.

सौरभक्त · दुपारी १.३०

एवढा खटाटोप कशाला? सौर वॉटर हीटर लावा. नागपूरचा हिवाळा म्हणजे निरभ्र आकाश. गरम पाणी हवं तेव्हाच ऊन स्वच्छ असतं. वीज शून्य, हलणारा भाग एकही नाही.

शीतचक्र · दुपारी २.१०

तत्त्व मान्य. गच्ची स्वतःची आणि दक्षिणेला सावली नसेल तर नागपुरात सौर हीटर हीट पंपापेक्षा आधी विचारात घ्यावा, हे मीही म्हणेन. पण काचेच्या नळ्या विदर्भातल्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत टिकल्या तर टिकल्या. बोअरच्या पाण्यात नळ्यांच्या बुडाशी क्षार बसतात. आणि उन्हाळ्यात कुणी गरम पाणी वापरत नाही, त्यामुळे टाकी उकळत राहते. त्या दिवसांत नळ्यांवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाकावी लागते. रिकाम्या तापलेल्या नळीत थंड पाणी सोडलं की ती तडकलीच.

पावसाळी आठवड्यात शेवटी आतला विजेचा रॉडच चालतो. तो मात्र गीझरच आहे.

सौरभक्त · दुपारी २.२५

नळीऐवजी तांब्याचे सपाट पॅनल घ्या. वरची काच टफन्ड असते, गार सहसा पचवते. आणि पावसाळी दिवस मोजून किती?

बंबवाली आत्या · दुपारी ३.०५

सगळे शॉवरचाच हिशेब करताहेत, म्हणून बादलीवाल्यांचं सांगते. २० लिटरची बादली, विसण घालून ४० अंशांची. २० × २२ ÷ ८६० म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. चार माणसांचं घर बादलीवर असेल तर रोज दोन युनिट, शंभर दिवसांचे २००. त्यातले दोन तृतीयांश वाचले तरी हजार-पंधराशे रुपये वर्षाला. अशा घराने हीट पंपाचं नावही काढू नये. ३ किलोवॉटचा छोटा इन्स्टंट गीझर पुरे. त्यात साठा नावालाच, तर गळती कसली? फक्त त्याला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि चांगली अर्थिंग द्या.

आणि तांब्याचा बंब कुणी मोडीत काढायला निघालं असेल तर थांबा. गोवऱ्या-काटक्यांवर चालणाऱ्या यंत्राला सर्व्हिस इंजिनिअर लागत नाही.

तर्रीपोहे · दुपारी ३.१०

आत्या, बंबाचा सीओपी किती म्हणावा?

बंबवाली आत्या · दुपारी ३.१४

धुराच्या मानाने मोजायचा की उष्णतेच्या?

धंतोलीवाले · दुपारी ४.००

गॅस गीझर कसा पडतो?

वीजबिल वाचक · दुपारी ४.३५

१४.२ किलोच्या सिलिंडरमधून गॅस गीझर साधारण १४५ युनिट उष्णता पाण्यात उतरवतो. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. ९०० चा सिलिंडर धरला तर युनिटला सव्वासहा रुपये. १० रुपये दराने साधा गीझर गळतीसकट ११ च्या पुढे जातो, हीट पंप चारच्या थोडा वर.

पण पैशाआधी जीव. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावायचाच नाही. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दाराची कडी आतून लावलेली असते. बसवायचा तर बाहेरच्या उघड्या भिंतीवर. न्हाणीघरातली जाळीची खिडकी थंडीत लोक कागद लावून बंद करतात, तेव्हा "खिडकी आहे" हा युक्तिवाद चालत नाही.

खारं पाणी · संध्याकाळी ६.२०

मूळ प्रश्नातलं "नळाचं अधिक बोअरचं" हे कुणी धरलंच नाही. यंत्र मरतं ते पाण्याने.

महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, त्याने फारसा त्रास होत नाही. बोअरच्या पाण्याची कठीणता प्रयोगशाळेतून मोजून आणा. हातातल्या पेनसारख्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, दिसतो; कठीणता, म्हणजे त्यातले पपडी धरणारे क्षार, दिसत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असं आहे. ३०० च्या वर असेल तर गरम पाण्याच्या यंत्राला बोअरचं पाणी देऊच नका. नळाच्या पाण्याची वेगळी ५०० लिटरची टाकी ठेवा. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरपेक्षा ते स्वस्त पडतं.

क्षार बसतो कुठे हे यंत्राच्या रचनेवर आहे. टाकीच्या बाहेरून नळी गुंडाळलेली असेल तर पपडी टाकीच्या तळाशी साचते. सहा महिन्यांनी तळाची तोटी उघडून २०-३० लिटर जोरात सोडलं की बरीचशी निघते. प्लेट एक्स्चेंजर असेल, म्हणजे पंप पाणी फिरवतो आणि बारीक फटींतून ते तापतं, तर पपडी त्या फटींत. पाणी कमी फिरतं, यंत्रात एसीसारखा जो गॅस फिरतो त्याचा दाब चढतो, यंत्र "हाय प्रेशर" दाखवून बंद पडतं. मेकॅनिक गॅस जास्त झाला म्हणून काढतो, मग थंडीत "लो प्रेशर" येतं, पुन्हा भरतो. दोन्ही वेळा पैसे. दोष गॅसचा नसतोच. एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि मध्ये टी-जोड ठेवायला सांगा. मग वर्षातून एकदा पाच टक्के सायट्रिक ॲसिडचं द्रावण छोट्या पंपाने तास-दीड तास फिरवून, साध्या पाण्याने धुता येतं. तो जोड नसेल तर सगळं खोलावं लागतं.

टाकी काचेच्या लेपाची असेल तर आत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः गंजते आणि टाकीला वाचवते. दर वर्षी काढून बघायची, बोटाएवढी बारीक उरली की बदलायची. काढायला टाकीच्या डोक्यावर कांडीच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. पत्र्याच्या शेडखाली टाकी घट्ट बसवली की कांडी कधीच निघत नाही, आणि पाचव्या वर्षी टाकी बुडातून पाझरते. स्टीलची टाकी म्हणाले तर कोणत्या ग्रेडचं ते विचारा. ३०४ ला क्लोराइडवाल्या पाण्यात बारीक भोकं पडतात, ३१६ जास्त तग धरतं.

तर्रीपोहे · संध्याकाळी ६.३१

एवढं औषधपाणी तर आमच्या आबांलेही लागत नाही.

पाऊण इंची · रात्री ८.५०

आता नळकाम. कोटेशनमध्ये "नळकामासकट" लिहिलंय, त्यात काय येतं ते एकेक ओळ लिहून घ्या. बहुतेकांचं नळकाम टाकीपासून दहा फुटांवर संपतं.

तीन गीझरांच्या घरात गरम पाण्याची वरून खाली येणारी लाइन मुळात नसते. थंड पाणी न्हाणीघरात येतं, तिथेच गीझरमधून जाऊन मिक्सरला मिळतं. गच्चीवर एक टाकी बसवायची तर नवी पाऊण इंची सीपीव्हीसी लाइन बाहेरच्या भिंतीवरून खाली आणायची आणि प्रत्येक न्हाणीघरात गीझरच्या जुन्या जोडावर पोचवायची. साधी पांढरी यूपीव्हीसी चालत नाही, गरम पाण्याने वाकते. वरून १३ मिलिमीटरचं काळं नायट्राइलचं वेष्टण, आणि उन्हात ते भुगा होतं म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी.

१५ मीटर पाऊण इंची पाइपात साधारण चार लिटर पाणी मावतं. सकाळी पहिल्या माणसाने तोटी उघडली की ते चार लिटर थंड येणार. तळमजल्याच्या न्हाणीघराला जास्तच. बादलीवाल्याला फरक पडत नाही, शॉवरवाला ओरडतो.

दाबाचं असं की दहा मीटर उंचीला एक बार. गच्चीवर पाण्याची टाकी दोन मीटर उंच असली तर वरच्या मजल्याला ०.३-०.४ बार मिळाला तर मिळाला. थंड लाइनीला प्रेशर पंप आणि गरम लाइन तशीच, असं कधीही करू नका. मिक्सर अर्धा उघडला की जोराचं थंड पाणी गरम लाइनीत उलटं घुसतं आणि लोक म्हणतात "यंत्र पाणी तापवत नाही". दोन्हींना एकाच ठिकाणचा दाब द्या.

२०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेलं की ते तीन लिटरने फुगतं. थंड बाजूला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते फुगलेलं पाणी जाणार कुठे? प्रेशर पंपाचं घर असेल तर एक्स्पान्शन टाकी बसवा, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह रोज ठिबकेल आणि कुणीतरी शहाणा त्याला बूच मारेल. तसं बूच म्हणजे गच्चीवर ठेवलेला बॉम्ब. पंप नसेल, पाणी नुसतं उंचीने येत असेल, तर हवेची पाइप पाण्याच्या टाकीच्या पातळीच्या वर दोन फूट नेऊन उघडी सोडा, म्हणजे दाब साचतच नाही.

मनीषनगरकर · रात्री ९.१५

पाऊण इंची काका, हे सगळं कोटेशनवाल्यांना विचारलं. एक जण म्हणाला "ते प्लंबरचं काम", प्लंबर म्हणतो "ते कंपनीचं".

पाऊण इंची · रात्री ९.१८

बरोबर. मधे जे गळतं ते तुमचं.

शीतचक्र · रात्री १०.०५

दोन कोटेशनांत निवडायचं तर एकाच खोक्याचं घ्या. वेगळ्या युनिटात तांब्याच्या नळ्या जागेवर जोडायच्या असतात. नायट्रोजनने गळती तपासून, व्हॅक्यूम पंप अर्धा तास लावून मग गॅस सोडायचा, हे नेमाने करणारा मिळाला तर छानच. घाईत नुसतं गॅसनेच हवा हाकलतात. नळीत ओल राहते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी बर्फ धरतो.

गॅस विचारा. आर-१३४ए पाणी ६० च्या पुढे सहज नेतो. आर-४१०ए ५५ च्या आसपास धापा टाकतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, या तिघांत हवामानाला सगळ्यात सौम्य, पण जळणारा, त्यामुळे तो बंद खोलीत नको, गच्चीवर चालेल.

माहितीपत्रकात सीओपी ४.२ लिहिला असेल तर बाजूचा बारीक मजकूर वाचा. हवा किती अंशांची, पाणी कितीपासून कितीपर्यंत. ५० ऐवजी ६० अंशांना लावलं की सीओपी साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. ५० वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा ६० वर न्या. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, ६० ला मरतात. बऱ्याच यंत्रांत ही साप्ताहिक सोय असते, चालू आहे का ते बघा.

आणि नागपूरची युक्ती: यंत्र पहाटे चालवू नका. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशा हवेतून उष्णता उपसणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट लावणं. पण इथल्या डिसेंबरात पहाटे १० अंश असले तरी दुपारी २७-२८ असतात. टायमर १२ ते ४ लावा. २०० लिटर १८ वरून ५० ला न्यायला साडेसात युनिट उष्णता लागते. एक किलोवॉट वीज खाणारं यंत्र ते सव्वादोन-अडीच तासांत करतं. रात्रीतून टाकी दोन-चार अंश उतरते, बस.

आतला दीड-दोन किलोवॉटचा रॉड "ऑटो"वर असेल तर "बंद" करा. पहाटे कुणी टाकी रिकामी केली की तो गुपचूप सुरू होतो आणि मग हीट पंपाच्या किमतीचा गीझर वापरल्यासारखं होतं.

धंतोलीवाले · रात्री १०.२०

मागच्या बाल्कनीत बसवला तर? थंड हवा बाहेर पडते म्हणतात, उन्हाळ्यात स्वयंपाकघर गार होईल.

शीतचक्र · रात्री १०.३४

होईल. अर्ध्या टनाच्या एसीएवढा गारवा मिळतो. पण पाणी तापत असेल तोवरच, आणि मे महिन्यात टाकीत आधीच ४० अंशांचं पाणी. दहा अंश वाढलं की यंत्र थांबलं, पाऊण तासात खेळ संपला. शिवाय बऱ्याच यंत्रांची कमाल हवा ४३-४५ अंशच असते, त्यापुढे ट्रिप होतात. वाळ्याच्या ताट्या मोडीत काढू नका.

बाल्कनीत ठेवायचं तर हवा ओढणाऱ्या आणि सोडणाऱ्या बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळं हवं. पावसाळ्यात दमट हवेतून निथळणारं पाणी रोज काही लिटर पडतं, त्याला उताराची वेगळी पाइप. ती गच्चीवर नुसती सोडली की शेवाळ धरतं आणि सहा महिन्यांनी स्लॅब गळतो. जाळीवर धूळ आणि सावरीचा कापूस बसतो, तो दोन महिन्यांनी मऊ ब्रशने उभ्या दिशेने झाडायचा. सर्किटच्या डब्याची भोकं बुजवा, पाल आत शिरून शॉर्ट होणं हे या यंत्रांचं फार सामान्य दुखणं आहे.

होस्टेलवाली · १२ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

६० मुलींचं होस्टेल, बादलीच. जमेल का?

शीतचक्र · सकाळी ८.१५

ताई, तुमच्यासाठीच तर हे यंत्र आहे. ६० बादल्यांना ३१ युनिट उष्णता. गीझरांवर ३४ युनिट वीज, हीट पंपावर ११-१२. रोज २२ वाचले, १२० दिवसांचे २,६४०. एका मोठ्या टाकीपेक्षा २५०-३०० लिटरच्या दोन घ्या. एक बंद पडली तरी परीक्षेच्या दिवसांत बोंब होणार नाही.

मनीषनगरकर · सकाळी ९.३०

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात उतरलं. एक राहिलं. गच्चीवर ५ किलोवॉटचं सोलर आहे, नेट मीटरवालं, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. दुपारी यंत्र चालवायचं म्हणजे सोलरवरच चालेल ना, मग तर फुकटच की?

वीजबिल वाचक · सकाळी ९.४१

भाऊ!! हे आत्ता सांगताय? काल टप्पे उकलत बसलो होतो! तुम्ही "वापर" ४६५ सांगितला, "बिल" नाही सांगितलं. ३१ मार्चला शिल्लक युनिट किती होते?

मनीषनगरकर · सकाळी ९.५८

५४०.

वीजबिल वाचक · सकाळी १०.३०

मग सगळा हिशेब नव्याने.

५ किलोवॉट नागपुरात स्वच्छ महिन्यांत ५५०-६०० युनिट देतं. हिवाळ्यात तुमचा वापर ४६५, गीझर धरून. म्हणजे गीझर चालवूनही दर महिन्याला युनिट उरतात. ते खात्यावर जमा होत जातात आणि आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक वीज कंपनी किरकोळ दराने विकत घेऊन खातं कोरं करते. पुढे नेत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये एसी सुरू करायच्या तोंडावर शिल्लक शून्य.

हीट पंप लावून हिवाळ्यात महिन्याला १८० वाचवलेत तर ३१ मार्चला शिल्लक ५४० ची हजाराच्या वर जाईल. त्याचे तुम्हाला बिलाच्या दराने पैसे मिळणार नाहीत. खरी बचत उरते ती पावसाळ्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या काही युनिटांची. ती २०० धरली तर २,००० रुपये वर्षाला.

कोथरूडकर · सकाळी १०.३६

१,२५,००० ÷ २,००० = साडेबासष्ट वर्षं.

तर्रीपोहे · सकाळी १०.३७

पुणेकराचा पहिला बरोबर हिशेब. तर्री माझ्याकडून.

सौरभक्त · सकाळी ११.१०

तरी म्हणत होतो, सूर्याला विसरू नका. ५४० युनिट मातीमोल देण्यापेक्षा हिवाळ्यात स्वयंपाक इंडक्शनवर न्या. तेवढ्यात साडेतीन-चार सिलिंडरांचं काम होतं. खर्च काय, तर एक शेगडी.

शीतचक्र · दुपारी १२.००

मी यंत्राच्या बाजूचा माणूस, तरी इथे मान्य करतो. मात्र एक बाजू उरते. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या तीन हिश्श्यांतून वीज एकच हिस्सा निघते. तुमचे जास्तीचे युनिट ग्रिडमध्ये गेले तर तेवढा कोळसा वाचतो. खिशाला नसलं तरी नागपूरच्या हवेला ते लागू आहे. त्यासाठी सव्वा लाख घालायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मनीषनगरकर · दुपारी १.२०

ठरलं. गीझर चालताहेत तोवर चालू दे, इंडक्शन शेगडी या आठवड्यात आणतो. पण जानेवारीत दोन न्हाणीघरांच्या फरशा बदलायच्याच आहेत. पुढे कधी हीट पंप घ्यायचा झाला तर आत्ताच भिंतीत काय टाकून ठेवू?

पाऊण इंची · दुपारी २.०५

गरम पाण्याची पाऊण इंची सीपीव्हीसी लाइन गच्चीपर्यंत, वेष्टणासकट, वरचं टोक बूच मारून. गाडायच्या आधी हातपंपाने सहा बारचा दाब देऊन रात्रभर ठेवा, काटा हलला नाही तरच फरशी लावू द्या. न्हाणीघरातला गीझरचा जोड तसाच ठेवून त्याला एक बायपास व्हॉल्व्ह. गच्चीवर १६ अँपियरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटर वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती करंट दिसला की वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. निथळीसाठी पाऊण इंची पाइप, थेट पन्हाळीत.

आणि जागा आत्ताच खडूने आखून ठेवा. भरलेली २०० लिटरची टाकी यंत्रासकट ३०० किलोच्या आसपास. दोन फूट बाय दोन फुटांवर एवढं वजन म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोच्या वर, आणि गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. बीमवर, खांबाजवळ, लोखंडी चौकटीने वजन पसरवून. स्लॅबच्या मधोमध नाही.

मनीषनगरकर · दुपारी २.११

खांबाजवळच्या कोपऱ्यात सध्या कूलर ठेवलाय.

पाऊण इंची · दुपारी २.१४

मग तीच जागा. कूलर कुठेही मावतो.